एका वेळी एकच आक्षेप

आमच्या डायलिसिसच्या सिस्टर म्हणाल्या, "बिराजदार सर, तुम्ही सरकारी माणूस, लिहायची सवय आहे. नव्या पेशंटला धीर येईल असं काहीतरी लिहा." लिहायला बसलो तर धीराचं सगळं चार ओळींत संपलं. सुई टोचताना पहिले आठ-दहा दिवस रडू येतं, मग येत नाही. चार तास पडून राहावं लागतं, ते जमतं. पाणी मोजून प्यावं लागतं, ते कधीच जमत नाही, विशेषतः आपल्याकडच्या एप्रिलमध्ये. आणि माणूस या मशीनवर वर्षानुवर्षं जगतो हे खरं आहे, मी जगतोय.

आता उरलं ते. ते वाचून कुणाला धीर येणार नाही. सिस्टरना आधीच सांगून ठेवलंय, भिंतीवर लावू नका म्हणून.

लग्नातून उठून

नांदेडला भाच्याचं लग्न होतं. कार्यालयाचा जिना चढताना मध्येच दम लागला आणि मी पायरीवर बसलो. वरून ताई आली, माझी मोठी बहीण. तिनं मला एकदा नीट पाहिलं.

"तोंड कामून सुजलं रे तुझं? पायबी सुजले. काय लपवून राहिला?"

"प्रवासानं झालं असेल."

"लातूरहून नांदेडला यायला काय विमानानं आला का? ऊठ."

अक्षता पडायच्या आधी तिनं मला आणि माझ्या बायकोला रिक्षात घातलं. डॉक्टर लेनमध्ये एकाच्या दारात उतरवलं आणि स्वतः परत जाऊन नवरदेवाला ओवाळलं. माझ्या कपाळावर कुंकू, अंगावर नवा शर्ट. तपासणीचे कागद यायला संध्याकाळ झाली.

डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची गोळी कधीपासून बंद आहे?"

"दोन वर्षं झाली. बरं वाटत होतं."

"काय करता आपण?"

"ट्रेझरीत आहे. तालुक्याला. बिलं तपासतो."

"म्हणजे दुसऱ्याच्या कागदातली चूक बरोबर सापडत असेल," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून सांगितलं की दोन्ही किडन्या जवळपास गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागेल.

सुनीतानं, माझ्या बायकोनं, विचारलं, "किती दिवस?"

"किडनी मिळेपर्यंत. नाही मिळाली तर कायम."

तिनं पदर तोंडाला लावला. मी मात्र रडलो नाही, कारण डॉक्टर पुढं जे बोलले त्यात मी अडकून पडलो. म्हणाले, "तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची मशिनं आल्याचं ऐकलंय. चौकशी करा. घराजवळ पडेल, नाहीतर लातूरच्या चकरा माराव्या लागतील."

चौकशी करायची गरज नव्हती. मशिनं आली होती, पाच होती आणि बंद होती. ती कशामुळं बंद होती हे त्या तालुक्यात माझ्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं.

माझं टेबल

तालुक्याचं नाव लिहीत नाही. माझ्यामुळं बाकीच्यांना कशाला?

तालुक्यातल्या सगळ्या सरकारी कचेऱ्यांची बिलं आमच्याकडं येतात. आम्ही पास केलं की पैसा सुटतो, नाही केलं तर सुटत नाही. बिलात चूक दिसली की आक्षेप लिहून परत पाठवायचं. काम एवढंच. मी पंचवीस वर्षं केलं आणि एका रुपयाचा चहा कुणाकडून प्यालो नाही. याची मला फार घमेंड होती. अजून थोडी आहे.

पण आमच्यात एक रीत आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या साहेबांनी ती मला शिकवली आणि पुढं ती मी माझ्या हाताखालच्या योगेशला शिकवली. बिलात चार चुका दिसल्या तरी एका वेळी एकच आक्षेप लिहायचा. ती दुरुस्त होऊन आली की दुसरा, मग तिसरा. साहेब म्हणायचे, "सगळं एकदम सांगितलं की समोरच्याला वाटतं, यांचं काम सोपं आहे." यात लाच नव्हती. समोरच्यानं चार वेळा जिना चढावा, चार वेळा 'साहेब' म्हणावं, एवढाच मोबदला.

चार वर्षांपूर्वी मार्च महिन्यात दवाखान्याचं एक बिल माझ्या टेबलावर आलं. डायलिसिसची मशिनं आधीच येऊन पडली होती, पण ती साध्या पाण्यावर चालत नाहीत. पाणी फार शुद्ध लागतं, त्यासाठी वेगळा प्लांट लागतो. त्या प्लांटचं ते बिल होतं. पहिल्या वाचनातच मला तीन चुका दिसल्या. प्लांट आणि तो बसवायचं नळकाम एकाच बिलात घुसडलं होतं, ते वेगवेगळं हवं होतं. मंजुरीच्या आदेशाची प्रत साक्षांकित नव्हती. आणि माल मिळाल्याची नोंद साठा-रजिस्टरात घेतल्याचा दाखला जोडलेला नव्हता.

मी पहिली चूक लिहिली. दवाखान्याचे क्लार्क गायकवाड आठ दिवसांनी बिल दुरुस्त करून घेऊन आले. मी दुसरी लिहिली. ते गेले आणि पुन्हा आले, तोवर तीस तारीख उजाडली होती. मी तिसरी लिहिली. दाखल्यावर सही करणारे मोठे डॉक्टर लातूरला मीटिंगला गेलेले. एकतीस मार्चला कचेरी बंद झाली आणि प्लांटचा पैसा जसा आला होता तसा सरकारकडं परत गेला.

पुढच्या वर्षी दवाखान्यानं पुन्हा मागणी केली. वरून उत्तर आलं, गेल्या वर्षीचा निधी खर्च झाला नाही, म्हणजे गरज दिसत नाही.

त्या एकतीस मार्चला आम्ही कचेरीत भेळ मागवली होती. चव अजून आठवते.

सहाची एसटी

मग लातूर सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाची गाडी, दीड तास. ट्रस्टचा दवाखाना, चार तास मशीन, पुन्हा दीड तास. जाताना अंगात पाणी साचलेलं असतं, चप्पल पायात शिरत नाही. येताना पिळून काढल्यासारखं होतं, सीटवर बसवत नाही. एकदा उलटी झाली तेव्हा कंडक्टरनं पिशवी दिली आणि पुढच्या माणसाला उठवून मला खिडकी दिली. अशा लोकांची नावं आपण विचारून ठेवत नाही.

घरातलं काय सांगू? सुनीता किडनी द्यायला निघाली, तपासणीत तिला शुगर निघाली. धाकट्या भावानं फोन उचलणं कमी केलं. पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, माझी घ्या." आठवड्यानं व्याह्यांचा फोन आला, "पोराचं आत्ताच लग्न झालंय, विचार करा." मी विचार केला आणि मुलाला नाही म्हणालो. व्याह्यांचा राग आला, पण त्यांच्या जागी मी असतो तरी तोच फोन केला असता. सुनीतानं तांब्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाण्यावरून आम्ही जेवढे भांडलो तेवढे तीस वर्षांच्या संसारात कशावरूनच भांडलो नव्हतो.

याच गाडीत मथुराबाई भेटल्या. आमच्याच तालुक्यातलं, पण पार कर्नाटकाच्या कडेचं गाव. पन्नाशीच्या आत-बाहेर वय, गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. सहाची एसटी धरायला त्या साडेचारला घर सोडायच्या, जीपनं तालुक्याला यायच्या. उपचार सरकारी योजनेत फुकट. पण जीप फुकट नव्हती, आणि ज्या दिवशी नवरा सोबत येई त्या दिवशी त्याची हमाली बुडे. म्हणून पुढं पुढं त्या एकट्याच येऊ लागल्या.

भेटल्या की पहिला प्रश्न, "ऊटा आत?" त्यांच्याकडं अर्धं कानडी बोलतात. जेवण झालं का, असं त्या विचारत. सकाळी सहाला! पिशवीत लिंबाच्या फोडी असत. तहान लागली की एक चोखायची. मलाही देत.

"सायेब, पाणी पिऊ वाटलं की मी काय करते सांगू का? शाळेतल्या खिचडीच्या हंड्याची याद करते. एवढा मोठा हंडा, रोज मी भरायचे. मग वाटतं, लई पाणी बघितलं बया आपण."

आणि एकदा त्यांनी विचारलंच, "आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात मिशिनी हायत म्हणं. कामून चालू करनात?"

मी म्हणालो, "सरकारी काम, सहा महिने थांब."

त्या हसल्या. मीही हसलो. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, ती त्या बिलापेक्षा या हसण्याची जास्त वाटते.

योगेशचा फोन

सरकारी नोकर असल्यामुळं माझा उपचाराचा खर्च सरकार परत देतं. मी आता पेन्शनच्या टेबलावर बसत होतो, मधल्या दोन दिवसांत जमेल तसा. बिलांचं टेबल योगेशकडं गेलं होतं. माझं वैद्यकीय बिल त्याच्याकडं पोचलं आणि दुपारी त्याचा फोन आला.

"सर, तुमच्या बिलात चार त्रुटी हायत. फोनवरच सांगतो, लिहून घ्या. एकदमच करून टाकू. तुम्ही चकरा मारू नका, तब्येत सांभाळा."

मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी कागद दिले, तिसऱ्या दिवशी बिल पास. पोरानं प्रेमानं केलं होतं. मी त्याच्यासमोर बसून विचारलं, "योगेश, दवाखान्याच्या बिलालाही असाच फोन करतोस का?"

तो हसला. "काय सर, तुम्हीच तर शिकवलं."

मला तोवर वाटायचं, ती रीत म्हणजे कचेरीचा स्वभाव आहे, वारा-ऊन असतं तशी. पण आपला माणूस समोर आला की ती रीत एका फोनमध्ये संपत होती. म्हणजे ती कधीही संपली असती. गायकवाडांचा नंबर माझ्याकडं होता. ते माझ्या गल्लीतच राहतात.

आणि हेही सांगतो, कारण पैशाचं मला कळतं. माझ्या एकट्याच्या उपचारापायी सरकारनं दीड वर्षात मला जेवढं दिलं, ते त्या प्लांटच्या किमतीपेक्षा जास्त होतं. एक क्लार्क जगवायला पैसा होता. तालुका जगवायचा पैसा त्याच क्लार्कनं परत पाठवला होता. वर्तमानपत्रात वाचतो, आरोग्यावर सरकार खर्च करत नाही. करत नाहीच. पण जो पैसा खर्चायला निघतं त्यातला किती असा टेबलावर मरतो, ते कुणी छापत नाही, कारण तिथं चोर सापडत नाही. सापडतो तो माझ्यासारखा, स्वच्छ हाताचा.

घरी येऊन सुनीताला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"नियमानंच केलं ना तुम्ही?"

"नियमानंच."

"मग?"

मी ताटं मांडायला घेतली. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "अहो, पण कुणाला सांगू नका."

कुलूप

मी दवाखान्यात गेलो. गायकवाडांनी खोली उघडून दाखवली. पाचही मशिनं प्लॅस्टिकात, एकावर मच्छरदाण्यांचे खोके, एकावर जुनी रजिस्टरं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, "सर, तुम्ही बसा, धाप लागलीय."

मग आम्ही दोघांनी मिळून नवा प्रस्ताव केला. आधीच्या वर्षी निधी का परत गेला, हा रकाना होता. गायकवाडांनी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव'. मी त्यांना थांबवलं नाही. माझ्या हातानं एक एक कागद जोडला, लातूरला मशीनवरून उठून प्रस्ताव सिव्हिल हॉस्पिटलच्या कचेरीत स्वतः दोनदा नेऊन दिला. तिथल्या बाबूनं प्रस्ताव पाहिला आणि म्हणाला, "एक प्रत कमी आहे." मी दिली. पंधरा दिवसांनी म्हणाला, "आता याला अंदाजपत्रक नवीन लागेल."  त्याला ते आधीपासून माहीत होतं, हे मला त्याच्या पेन धरण्यावरून कळलं. मी नवीन अंदाजपत्रक करायला घेतलं.

त्या सगळ्यात वर्ष सरत आलं. मथुराबाई तीनदाच्या ऐवजी दोनदा येऊ लागल्या. म्हणायच्या, "अंग धरत न्हाई सायेब, जीपमधीच जीव जायलाय." सिस्टर ओरडल्या, डॉक्टर ओरडले. त्या मान हलवायच्या. दिवाळीनंतर दोनदाचं एकदा झालं. चेहरा इतका सुजला की डोळे बारीक झाले.

सांगितलं

जानेवारीत एकदा परतीच्या गाडीत त्या माझ्या शेजारी होत्या. मी सांगून टाकलं, बिल, तीन चुका, मार्च, सगळं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला बिलाचे आक्षेप काय समजणार, असं मला वाटलं होतं. त्यांना पटकन समजलं.

"म्हंजे तुमाला तिनी चुका पैल्याच दिशी दिसल्या हुत्या?"

"हो."

"मग सांगायचं की वो, सायेब."

एवढंच. आवाज चढला नाही. पोरगं ताटात भात टाकून उठल्यावर बाई बोलते तशा बोलल्या.  मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी देऊन टाकली असती, आणि मला ती इतकी स्वस्तात नको होती. उतरताना त्यांनी नेहमीसारखी लिंबाची फोड पुढं केली. मी घेतली.

त्यानंतर त्या दोनदा दिसल्या. होळीच्या आधी सिस्टरनं त्यांच्या पलंगावर दुसरं नाव लावलं. 

लोक म्हणतात, करावं तसं भरावं. खोटं आहे. केलं मी, आणि भरलं त्या बाईनं. मी तर अजून जेवतो, पगार घेतो, मोजून का होईना पाणी पितो.

आमचा प्रस्ताव अखेर मंजूर झाला आणि जूनमध्ये तालुक्याच्या दवाखान्यात प्लांट बसला. फीत कापायला पुढारी आले, बाहेर बोर्डावर फोटो लागले. माइकवर म्हणाले, "आरोग्यासाठी पैसा कमी पडू देणार नाही." टाळ्या झाल्या. मी दुसऱ्या ओळीत बसलो होतो. पैसा तेव्हाही कमी पडला नव्हता. आला होता, माझ्या टेबलावर थांबला होता आणि परत गेला होता. टाळ्या मीही वाजवल्या, ज्या हातात सुई टोचतात तो हात सांभाळून.

आता घरापासून चालत दहा मिनिटांवर माझं मशीन आहे. पाच मशिनांवर पाच माणसं, दोन पाळ्या. त्यातले तिघं पूर्वी माझ्याबरोबर लातूरला यायचे. ते मला दुवा देतात, सर धावले म्हणून झालं म्हणतात. मी काही बोलत नाही. सुनीताचं ऐकतो.

दिगंबर

परवा मशीनवरून उठून बाकड्यावर बसलो होतो तर एक माणूस समोर येऊन उभा राहिला. खांद्यावर पोतं उचलून उचलून एका बाजूला कललेला. म्हणाला, "मी मथुराचा मालक. दिगंबर. ती सांगायची, बिराजदार सायेबाला कागदातलं लई कळतं म्हणून."

घरातलं माणूस गेल्यावर जी सरकारी मदत मिळते, तिचा अर्ज त्याच्या हातात होता. तहसीलमधून तीनदा परत आला होता. दर वेळी वेगळं कारण, दर वेळी जीप, दर वेळी एक दिवसाची हमाली. मथुराबाईंनी त्याला आणखी काय सांगितलं होतं, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. 

अर्ज वाचला. मृत्यूच्या दाखल्यावरचं आणि रेशनकार्डावरचं वय जुळत नव्हतं, त्याला शपथपत्र हवं होतं. बँकेच्या पासबुकाची प्रत जुनी होती. तलाठ्याची सही होती, शिक्का नव्हता. शेवटच्या पानावर त्याचा अंगठा एका ठिकाणी राहिला होता. मी चारही गोष्टी सांगितल्या. शपथपत्राचा मजकूर तिथंच बाकड्यावर लिहून दिला. तलाठी माझ्या ओळखीचा होता, त्याला फोन केला, तो म्हणाला, पाठवा आत्ता. शाईचा पॅड सिस्टरकडून घेतला आणि राहिलेला अंगठा उठवून घेतला.

दिगंबरनं कागद घडी करून पिशवीत ठेवले. मला वाटलं, हात जोडेल. त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. तलाठ्याचा शिक्का आणि पासबुकाची नवी प्रत तेवढी लावा, आता परत येणार नाही."

"एवढंच हुतं व्हय, सायेब," तो म्हणाला. "पाच मिन्टंबी लागली न्हाईत."